दुसरा पट्टा

“शकू, सोमवारी दिवेलागणीला गिरणीचा पट्टा उतरवून घ्यायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि देवाजवळ ठेवायचा. बुधवारी उन्हं कौलावर चढेपर्यंत कुणी मागितला तरी द्यायचा न्हाई. तुझा नवरा मागंल. त्यो मागणारच.”

मागच्या जत्रेच्या वेळी सासूबाईंनी, केशरबाईंनी, हे सांगितलं आणि पुढच्या वर्षी त्या गेल्या. सात वर्षांनी पुन्हा गावदेवीची जत्रा आली, तिच्याआधीचे पाच वार आले, आणि शकुंतलाबाईंच्या कानात केशरबाई पुन्हा बोलू लागल्या. वार म्हणजे मंगळवार. रामनगरच्या अलीकडच्या त्या वाडीत वाराच्या दिवशी नांगर धरायचा नाही, कुऱ्हाड उचलायची नाही, दुकानाची फळी काढायची नाही, गिरण फिरवायची नाही आणि कमाईसाठी शिवेबाहेर पाऊल टाकायचं नाही. गोव्याकडे जाणारे ट्रक हमरस्त्यावरून धडधडत जायचे, ते वेगळ्या देवांच्या हद्दीतले.

पहिल्या वाराला शकुंतलाबाईंच्या नवऱ्यानं, बाबुरावांनी, पट्टा मागितला होता. दुसऱ्या वाराला, नुसता बघतो, तेल लावायला झालाय, म्हणाले होते. या तिसऱ्या वाराच्या आदल्या सोमवारी त्यांनी मागितलाच नाही. शकुंतलाबाईंनी तो देवीचा प्रसाद मानला आणि संध्याकाळी समईत दोन पळ्या तेल जास्त घातलं.

त्यांचं सगळं असंच असायचं, हळू आणि नेमानं. पहाटे तुळशीला पाणी, मग जप, जपाआधी चहा नाही. मंगळवारी उपास, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत मौन. घरातल्यांना त्या मौनाची एवढी सवय झाली होती की इतर वारी त्या बोलल्या तरी कुणाचं फारसं लक्ष जायचं नाही.

त्या सोमवारी तर घराला ऐकण्यासारखं दुसरंच काही होतं. धाकटी मुलगी दीपाली शुक्रवारी अचानक आली होती. बेंगळूरला ती एका विमान कंपनीत केबिन क्रू होती, चार वर्षं झाली. तिच्या बॅगेला चाकं होती, पण वाडीच्या मुरमावर ती चालेनात, म्हणून गिरणीतल्या म्हादूनं बॅग डोक्यावर घेऊन घरी आणली. रजा आहे का, असं विचारल्यावर ती म्हणाली, नाही, संप आहे.

पडवीत चहाला सगळे बसले तेव्हा तुळजाक्कांनी तो विषय काढला. तुळजाक्का बाबुरावांची थोरली बहीण. खानापूरकडे दिलेली, पण पाचही वार माहेरी पाळायचे म्हणून महिनाभर ठाण मांडून बसलेली. वाडीत वाराबद्दल काही अडलं की लोक त्यांना विचारायला यायचे आणि अडलं नाही तरी त्या सांगायच्या.

“पगार देत न्हाईत म्हणतीस. मग चार वर्सं काय खात हुतीस?”

दीपालीनं समजावून सांगितलं. तिचा आवाज विमानातला झाला होता, मऊ, सगळ्यांना सारखा ऐकू जाणारा. विमानाचं दार लागलं की पैसे सुरू होतात आणि दार उघडलं की बंद. दार लागण्याआधी दीड-दोन तास हजर राहायचं, सगळं तपासायचं, लोकांना जागेवर बसवायचं, त्यांच्या बॅगा वर कोंबायच्या, रडणारी पोरं गप करायची. विमानाला उशीर झाला तर तीन-तीन तास उभं राहून शिव्या खायच्या. ते सगळं हिशेबात नाही. चार वर्षं मागून झालं, अर्ज करून झाले, आता संघटनेनं संप पुकारला.

तुळजाक्कांनी बशीतला चहा संपवला. “म्हंजे दार उघडं असताना केल्यालं काम, काम न्हवं?”

“कंपनीच्या लेखी न्हवं, आत्ती.”

“आमचं दार सदाच उघडं,” आतून कविता म्हणाली. ही किरणची बायको, घरची सून. तिनं दुसऱ्यांदा चहा ठेवला होता आणि ती चुलीकडे तोंड करून बोलली होती, त्यामुळे पुरुषांना ते ऐकू न आल्यासारखं करता आलं.

बाबुराव मात्र खुशीत होते. मुलगी संपावर आहे याचा त्यांना एक तऱ्हेचा अभिमान वाटत होता, जणू वाडीतली पहिली संपवाली आपल्या घरात निपजली. माणसानं ताठ राहावं, कष्ट करणाऱ्यानं कष्टाचा मोबदला मागितला तर त्यात चूक काय, मोठ्या कंपन्यांना गरिबाच्या वेळेची किंमत कळत नाही, असं ते पाऊण तास बोलले. बेळगावपर्यंत ऐकू जावं इतक्या जोरात बोलले.

म्हादू पायरीवर बसून चहा पीत होता. तो दिग्गीचा, जंगलातल्या गावचा. आठवडाभर गिरणीमागच्या खोपीत राहायचा आणि शनिवारी घरी जायचा. त्याला पोत्यावर मजुरी होती. त्यानं कप विसळला, पालथा घातला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

“मालक, मग करंट गेल्यावर आमी बसून ऱ्हातो, त्येचं कसं?”



“त्येचं येगळं,” बाबुराव म्हणाले. “इमान येगळं, गिरण येगळी.”

“व्हय, येगळीच,” म्हादू म्हणाला आणि खोपीकडे गेला. त्याच्या चालण्यात काही रुसवा नव्हता. पण त्यानंतर बाबुरावांचं संपाबद्दलचं मत हळूहळू बदलत गेलं. आधी ते म्हणाले की संप चांगला पण टिकत नाही. मग म्हणाले, टिकला तरी कंपनीलाही अडचणी असतातच की. कंदील लावायच्या वेळेपर्यंत ते पुरते कंपनीच्या बाजूला जाऊन बसले होते.

तिथं त्यांना किरण भेटला. थोरला मुलगा, चौतीस वर्षांचा. तो पूर्वी गोव्यात एका कारखान्यात होता, तिथून परत येऊन गिरणीत लागला, आणि तिथलं कधी काही बोलायचा नाही. आज बोलला तेही तुटक. कंपनीचा निरोप आला होता: मंगळवारी संध्याकाळी पाचच्या आत फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ‘हजर’ हे बटण दाबा, न दाबणाऱ्यांची नोकरी गेली असं समजा. मग दाबून टाकावं, एवढंच किरणचं म्हणणं.

“त्येंच्याकडं दुसरी माणसं असत्यात. भाड्यानं इमानं आणतील. तुझ्याबिगर उडलं की संपला तुझा संप.”

“आमच्याबिगर उडताच येत न्हाई, दादा. इतक्या सीटांना इतकी माणसं लागतात, नियम हाय. न्हाईतर विमान जागचं हलत न्हाई. भाड्याची विमानं तरी किती आणणार? निम्मी विमानं आज उभी हायत. आमी घरात बसून ऱ्हायलो तर कंपनीला बोलावंच लागंल.”

“बसून ऱ्हायलो तर.”

“तेच की. मोडलं तर बाहेरनं न्हाई मोडायचं. आमच्यातनंच मोडंल.”

तुळजाक्कांनी यावर निकाल दिला. उद्या वार आहे. कामावर येतो असं सांगणं हे कामच झालं. तेव्हा उद्या बटण दाबायचं नाही, बुधवारी उन्हं चढल्यावर काय ते बघावं. बुधवारी काही बघण्यासारखं उरणार नाही, हे त्यांना पटवण्याचा किरणनं प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, मग देवीची इच्छा. अशा रीतीनं संपाला घरातला पहिला पक्का पाठिंबा मिळाला, तोही दुसऱ्याच कारणानं.

जेवणाआधी दीपाली आईला पट्टा गुंडाळायला मदत करत होती. तिथं ती खरं ते बोलली. तिच्या मनात बटण नव्हतं, शिल्पा होती. कुंभारवाडा गावच्या गणपतीची मुलगी. गणपती जंगलखात्याच्या कामावर मजुरी करायचा. दीपालीनंच शिल्पाला बेंगळूरला नेलं, चालायला, बोलायला, इस्त्री करायला शिकवलं. आठ महिन्यांची नोकरी, अजून कायम नाही. संप सुरू झाला तशी ती घरी गेली, आणि कुंभारवाड्यात तिच्या घरी फोन लागत नाही. बसमध्ये चढताना तिनं दीपालीचा हात धरला होता. तुम्ही बसलात तर मी बसते, तुम्ही गेलात तर मला सांगून जा, मला एकटीला ठेवू नका.

“मग तू काय म्हणालीस?” शकुंतलाबाईंनी विचारलं.

“जे हुईल ते माणूस पाठवून कळवतो म्हणालो.”

बेंगळूरला जाऊन दीपाली ‘मी जाते, मी येते’ असं बोलायला शिकली होती. मनातलं बोलताना मात्र वाडीतल्या सगळ्या बायकांसारखं ‘जातो, येतो’ तोंडात यायचं. शकुंतलाबाईंनी ते ऐकलं आणि पट्ट्याच्या फडक्याला आणखी एक गाठ मारली.

*

वाराची सकाळ झाली. वाडी अशी शांत की कोंबड्यांनाही आवाज चढवायला संकोच वाटावा. पुरुषमाणसं देवळाच्या कट्ट्यावर जाऊन बसली. हात बांधून बसण्यातही त्यांनी थकवा दाखवला, कारण दहा वाजता त्यांचा चहा घेऊन घरातून कुणालातरी यावं लागे. कविता पहाटेपासून चुलीपुढे होती. सोळा माणसांचं जेवण, देवीचा नैवेद्य, शेणसारवण, धुणं. सासरी आल्यावर पहिल्या वाराला तिनं भाबडेपणानं विचारलं होतं की आज स्वयंपाकाला सुट्टी का. त्यावर तुळजाक्कांनी तिला तेव्हाच समजावलं होतं: चूल म्हणजे काम नव्हे. काम म्हणजे ज्याचे पैसे येतात ते.

साडेनऊच्या सुमाराला शकुंतलाबाईंचा जप चालू होता, आणि त्यांना पायाखालच्या जमिनीतून एक ओळखीची थरथर जाणवली. आधी वाटलं रस्त्यावरचा ट्रक. पण ट्रक जातो आणि थरथर संपते. ही संपत नव्हती. चाळीस वर्षं ज्या आवाजात त्यांनी भात निवडलं, पोरं निजवली, तो आवाज होता.

त्यांनी माळ थांबवली नाही. देव्हाऱ्याखाली हात घातला. पट्टा होता. फडकं होतं, तीन गाठी होत्या.

जप पुरा करून त्या गिरणीकडे गेल्या. पुढचं दार बंद होतं, त्यावर वाराचा कडुलिंबाचा डहाळा व्यवस्थित खोचलेला. मागच्या दारात बाबुराव खुर्ची टाकून बसले होते. आत किरण भाताची पोती ओतत होता. भात सडणारा हलर फिरत होता आणि त्यावर एक कोराकरकरीत काळा पट्टा सळसळत होता.

बायकोला पाहून बाबुराव उठून उभे राहिले, मग ती काही बोलत नाही असं पाहून बसले. त्यांनी सविस्तर खुलासा केला. रामनगरच्या एका लग्नाचा तांदूळ, उद्या सकाळी द्यायचाच आहे. शब्द दिलाय. आणि वार मोडलेला नाही, ते तूच बघ. आईनं सांगितलं होतं पट्टा देवाजवळ ठेवायचा. पट्टा देवाजवळच आहे. त्याला कुणी हात लावला का? हा दुसरा. हा बेळगावहून आणलेला. याचं आईला कुठं काय ठाऊक होतं?

शकुंतलाबाई उभ्या राहिल्या. मौनात त्यांचा चेहराही शांत असायचा.

“बग, तिलाबी पटलं,” बाबुराव किरणला म्हणाले.

म्हादू तिथं नव्हता. त्याला पहाटे मागच्या दारानं बोलावलं होतं, असं पुढे कळलं. तो म्हणाला, वाराला मी देवीचा, उद्यापासून तुमचा. मग खोपीत जाऊन निजला. म्हणून मालकाचा मुलगा स्वतः पोती उचलत होता. पाठीला कोंडा लागलेला, डोळ्यात गेलेला. शकुंतलाबाईंना वाटलं, याला पोत्यावर मजुरी द्यायची की महिन्यावर, हे एकदा यांना विचारायला हवं.

तेवढ्यात दीपाली आली. गिरणीच्या माळ्यावरच्या खिडकीत तेवढा फोन लागायचा, तिथून रामनगरचा टॉवर समोर दिसायचा. म्हणून संपाचे निरोप चुकू नयेत यासाठी तिनं रात्रभर फोन तिथंच चार्जिंगला लावून ठेवला होता. आवाज ऐकून ती आत आली, भावाकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं आणि शिडी चढून वर गेली.

खाली यायला तिला बराच वेळ लागला. आली ती शिडीच्या मधल्या पायरीवरच थांबली.

“दादा, गिरण बंद कर.”

किरणनं खटका ओढला. पट्टा दोन-तीनदा सुस्कारला आणि थांबला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी दीपालीच्या फोनवरून ‘हजर’ बटण दाबलं गेलं होतं. कंपनीचं उत्तर आलं होतं, आपल्या सहकार्याबद्दल आभार. आणि कंपनीनं तेवढ्यावर थांबायचं कशाला? तिनं सगळ्या दोनशे चाळीस जणांना कळवून टाकलं की ज्येष्ठ सहकारी दीपाली हजर झाल्या आहेत, आपणही व्हा. त्यानंतर सदतीस जणांनी बटण दाबलं होतं. दीपालीच्या मैत्रिणींचे निरोप एकाखाली एक साठले होते. शेवटच्या निरोपात नुसतं तिचं नाव होतं.

फोनचं कुलूप उघडायला चार आकडे लागत. दीपालीनं आपल्या भाचीची, किरणच्या मुलीची, जन्मतारीख ठेवली होती.

“तुझं भलंच केलं,” किरण म्हणाला. मग बहिणीचं तोंड बघून त्याला पुढचं बोलावं लागलं, आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं ते सांगितलं. भिंतीकडे बघत सांगितलं. “आमी तेरा जण गेटासमोर बसलो हुतो. अकरा दिवस. अकराव्या दिवशी आत मशीन चालू झाल्याचा आवाज आला, तवा कळलं. संपातले बाकीचे सगळे मागल्या दारानं सही करून आत गेल्याले. सकाळी आमच्यासंगं चहा पिऊन गेल्याले. एकानंसुदीक येऊन सांगितलं न्हाई की किरण्या, ऊठ, आता काय ऱ्हायलं न्हाई. तुला तसं बसायला लागू ने म्हणून केलं.”

दीपाली खाली उतरली. त्याच्या खांद्यावरचा कोंडा तिनं हातानं झाडला. तिचा आवाज विमानातला नव्हता.

“मग आज त्या गेटावर शिल्पा बसलीया, दादा.”

शकुंतलाबाई वळल्या आणि घराकडे चालू लागल्या. त्यांना बोलायचं होतं, आणि नैवेद्य व्हायचा होता. कविताला त्यांनी खुणेनंच ताट वाढायला सांगितलं. भात अजून वाफेवर होता, आमटीला फोडणी पडायची होती. त्या दिवशी देवीला जरा लवकर आणि बिनफोडणीचं जेवावं लागलं. शकुंतलाबाईंनी पाणी फिरवलं, हात जोडले, आणि कविताला पहिलं वाक्य म्हणाल्या, “कुंभारवाड्याची बस किती वाजता?”

“बाराची, आत्याबाई. पर ती शिवेपलीकडं, फाट्यावर थांबते.”

*

शकुंतलाबाई गिरणीत परत गेल्या तोवर माळ्यावरून दीपालीचा आवाज येत होता. एकेकीला फोन चालला होता. मी नाही दाबलं, माझ्या भावानं दाबलं. हो, सख्ख्या भावानं. नाही, मी कंपनीला लेखी कळवलंय, मी संपावर आहे. तू पण मागे घे, पाचपर्यंत वेळ आहे. एकीला पटलं की ती पुढचीला लावायची. चौघीजणींनी मागे घेतलं होतं. तेवढ्यात आणखी सहा जणांनी बटण दाबलं होतं. तिथून ती उठली असती तर आकडा आणखी कुठं गेला असता ते सांगता येत नव्हतं.

खाली तुळजाक्का येऊन पोचल्या होत्या आणि भावाला धारेवर धरून बसल्या होत्या. कोऱ्या पट्ट्याबद्दलचा खुलासा त्यांना मुळीच पटला नव्हता. त्यामुळे बाबुराव आता पुन्हा संपाच्या बाजूला आले होते. कंपनीनं पोरीचं नाव असं सगळ्यांना कळवणं हा शुद्ध लबाडपणा आहे, मागल्या दारानं माणसं आत घेणं हे काय रीतीचं झालं, असं ते मागल्या दारात बसून म्हणत होते.

शिल्पाला कुणी सांगायचं, हा प्रश्न निघाला तेव्हा किरणनं मोटारसायकलची किल्ली खिशातून काढली आणि हातातच ठेवली. कट्ट्यावर अख्खी वाडी बसली होती. वाराच्या दिवशी गिरणीवाल्याचा मुलगा गाडी काढून शीव ओलांडतो, हे सगळ्यांना दिसलं असतं. गिरणीचं तसं नव्हतं, तिचा आवाज ट्रकांच्या आवाजात मिसळत होता. बाबुराव म्हणाले, उद्या उन्हं चढली की पहिली गाडी काढू. पाच वाजता शिल्पाचं जे व्हायचं ते होऊन जाईल, हे कुणी त्यांना सांगितलं नाही, कारण त्यांना ते ठाऊक होतं.

“मी जातो,” शकुंतलाबाई म्हणाल्या.

त्या इतक्या हळू म्हणाल्या की तुळजाक्कांनी विचारलं, काय म्हणालीस.

“बसनं जातो म्हटलं. परतीची बस सकाळीच हाय, रात्री गणपतीच्या घरी ऱ्हाईन.”

“वाराला शीव वलांडणार? तू?”

तुळजाक्कांच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होतं. चाळीस वर्षांत या वहिनीनं एक वार, एक एकादशी, एक वात चुकवलेली नव्हती. बाबुरावांनाही ते बरं वाटलं नाही. घरात एक माणूस तरी सगळं पाळतंय, या भरवशावर त्यांचं बरंच काही चालत होतं.

“वन्सं, कामासाठी शीव वलांडायची न्हाई, व्हय ना?”

“व्हय.”

“आणि काम म्हंजे ज्याचं पैसे येत्यात ते. तुमीच कविताला सांगितलंसा.”



“मला हितं येऊन चाळीस वर्सं झाली,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “भात वाळवलं, पाखडलं, माणसं जेवू घातली, गिरणीचा कोंडा झाडला. कंदी कुणी पैसे दिले न्हाईत. त्यामुळं मी काय केलं तरी माझ्या हातनं वार मोडायचा न्हाई. आज तेवढं तरी उपयोगी पडू दे.”

त्यांनी हे भांडायला म्हटलं नव्हतं. त्यांना ते खरंच तसं वाटलं होतं, जप करताना, माळेच्या साठाव्या मण्याच्या आसपास. तुळजाक्कांनी बराच विचार केला. मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, उपासाचं काही बांधून घेतलंस का, नाहीतर कविताला सांगतो. कविता आधीच दारात उभी होती. हातात रताळ्याच्या फोडींचा डबा, आणि कापडी पिशवी.

शकुंतलाबाई हलरपाशी गेल्या.

“किरण, त्यो पट्टा काढ.”

“आई, तांदूळ अर्धाच झालाय. लग्न—”

“काढ, बाळा.”

किरणनं पट्टा उतरवला. तो अजून गरम होता. त्यांनी पदरानं त्यावरची पूड पुसली, वेटोळं घातलं आणि पिशवीत डब्याखाली ठेवला. बाबुराव खुर्चीतून अर्धवट उठले.

“अगं, त्यो कशाला न्हेतीस?”

“बुधवारी उन्हं चढली की देतो,” त्या म्हणाल्या. “सासूबाईंनी कुणी मागितला तरी म्हणून सांगितलंय. कुठला पट्टा, ते काय सांगितलं न्हवतं.”

माळ्याच्या खिडकीतून दीपालीनं खाली बघितलं. फोन कानालाच होता. पलीकडे कुणीतरी रडत होतं, कारण दीपाली नुसती हूं, हूं म्हणत होती. तिनं आईच्या हातातली पिशवी बघितली, पायातल्या वहाणा बघितल्या. शिल्पाला काय सांगायचं ते तिनं बोटांनी सांगायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. शकुंतलाबाईंना ते कळलं होतं. जे झालं ते सगळं सांगायचं. बटण कुणी दाबलं, का दाबलं, किती जण आत गेले, किती परत आले, आणि दीपाली अजून बसलेली आहे. तिच्या गावामागच्या माळावर चढलं की फोन लागतो म्हणतात. चढायचं की घरात बसायचं, ते तिनं ठरवावं. दुसऱ्याचं बटण आपण दाबू नये, एवढं या घराला आज समजलं होतं, निदान दुपारपर्यंत तरी.

संप जिंकणार की हरणार, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, मला त्यातलं काय कळतंय. पण वार कसा मोडतो ते त्यांना कळत होतं. दारावर डहाळा तसाच असतो, देवाजवळ पट्टा तसाच असतो, आणि मागच्या खोलीत दुसरा पट्टा चढतो.

देवळाच्या कट्ट्यावरून जाताना त्यांनी पदर सारखा केला. माणसांनी पाहिलं. कुणीतरी विचारलं, वैनी, आज कुणीकडं. त्या म्हणाल्या, निरोप द्यायला. त्यांना नेहमीच हळू बोलायची सवय असल्यामुळे निम्म्यांना ते ऐकू गेलं नाही, आणि उरलेल्यांनी एकमेकांना विचारेपर्यंत त्या पुढे गेल्या होत्या.

शिवेवर शेंदूर लावलेला धोंडा होता. तिथं त्यांनी वहाणा काढल्या, पिशवी खाली ठेवली, हात जोडले. देवीला काय सांगायचं ते त्यांनी मनातल्या मनात सांगितलं, फार लांबवलं नाही, बस चुकली असती. मागे वाडीत काही वाजत नव्हतं. फाट्याच्या बाजूनं हॉर्न ऐकू आला. त्यांनी वहाणा हातातच घेतल्या, पिशवी उचलून खांद्याला अडकवली. पट्टा वाटला होता त्याहून जड होता. मग त्या धोंड्याला उजवी घालून पलीकडे उतरल्या.